तरवडाची बतकम्मा : प्रकल्प नोंदी २०२४

८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बसले आणि आज आमच्या गल्लीत बतकम्माची मीटिंग पण झाली, मीटिंग म्हणजे काय, मी, अम्मा, अव्वा म्हणजे आजी, समोरच्या काकू आणि चहा. गेल्या वर्षीचा विषय निघालाच. बाजारातून थर्मोकोलचा तयार कोन आणला होता, त्याला टाचण्यांनी झेंडू टोचला, फोटो भारी आले, स्टेटसला ठेवले, आणि विसर्जनानंतर फुलं बुडाली पण तो कोन चार दिवस पाण्यावर तरंगत होता. अव्वानं तेव्हाच सांगितलं होतं की मी असल्या कोनाभोवती पुन्हा टाळी वाजवणार नाही. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि शब्दाची पक्की आहे, म्हणून ह्या वर्षी प्रकल्प.

ठरलं असं की थर्मोकोल नाही, टाचण्या नाहीत, आणि मुख्य फुलं म्हणजे तरवड आणि कुर्डू आपण स्वतः तोडून आणायची. ज्यांना बतकम्मा माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. भाद्रपद अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस तेलंगणात बायका ताटात फुलांची उतरंड रचतात, वर हळदीची गौरम्मा ठेवतात, संध्याकाळी भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि मग पाण्यात सोडतात. फुलांची रासच देवी, वेगळी मूर्ती नसते. 'बतुकु' म्हणजे जगणं, म्हणून बतुकम्मा, आमच्या तोंडी बतकम्मा. तेलंगणा वेगळं राज्य झालं त्याच वर्षी, २०१४ ला, तिथल्या सरकारनं राज्याचा सण म्हणून जाहीर केला, पण सोलापुरात हा सण गिरण्यांच्या काळापासून आहे. दुष्काळानं आणि कामाच्या शोधात तिकडचे पद्मशाली विणकर इकडं आले, १८७७ ची जुनी मिल, मग बाकीच्या मिल, मग घरोघरी माग, आणि पूर्व भाग सगळा तेलुगू बोलायला लागला. आमचं घर त्यातलंच, पण मला तेलुगू बोलता येतं आणि वाचता येत नाही. ते पुढं येईलच.

मी वहीत उंची लिहिली साडेतीन फूट. अव्वानं बघितलं नाही, बरं झालं.

१५ सप्टेंबर, रविवार

तरवड शोधायला धाकट्याच्या गाडीवर अक्कलकोट रोडनं गेलो. एमआयडीसी संपली की पूर्वी माळ लागायचा, आता प्लॉटिंगचे बोर्ड लागतात, 'फक्त इतके रुपये भरा आणि बुक करा', आणि प्रत्येक बोर्डामागं सपाट केलेली जमीन. विडी घरकुलच्या पलीकडं कुंभारीच्या बाजूला एका माळावर शेवटी झुडपं दिसली, कमरेएवढी, कळ्या भरपूर, फुललेलं थोडंच. गंमत बघा, ह्याच तरवडाचं फूल, तेलुगूत तंगेडू, तेलंगणाचं राज्यफूल आहे, आणि आमच्याकडं त्याला कोणी विचारत नाही. पूर्वी विचारायचे, सालीनं कातडं कमवायचे.

फूल पिवळं, पाच पाकळ्या, दिसायला एकदम नाजूक. तोडून बघितलं तर घरी येईपर्यंत पिशवीत निम्मं गळून गेलं. नोंद : सकाळी लवकर तोडायचं, पूर्ण उमललेलं नको, कळ्यांसकट तुरा घ्यायचा, ओल्या फडक्यात आडवं ठेवायचं, प्लॅस्टिक पिशवी अजिबात नाही.

कुर्डूचा प्रश्न नाही. तुरीच्या बांधाला मुबलक आहे, शेतकरी तर म्हणाला, "सगळंच उपटून न्या की ओ ताई, लई उपकार होतील." कोवळ्या पानांची भाजी होते म्हणून थोडी पानं पण घेतली, घरी कोणी खाल्ली नाही.

येताना काकूंना दोन तुरे दिले तर त्या म्हणाल्या, अगं मला पण लागतो की हा, घटाच्या माळेला, आमच्या सासूबाई तरवडाचीच माळ घालायच्या, आता मंडईत मिळतो त्या झेंडूवरच भागवते. इतकी वर्षं समोरासमोर राहतो आणि मला हे माहीत नव्हतं. मग त्या पण टीममध्ये आल्या, आणि त्यांच्याकडची पितळी परात पण आली, वीस इंची, जाड, काठाला नक्षी. आमच्याकडं सगळं स्टीलचं. काकूंनी बजावून सांगितलं की परात त्यांच्या आईची आहे, कोजागिरीच्या आत परत पाहिजे.

२२ सप्टेंबर, रविवार

ट्रायल नंबर एक, फेल.

मी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा केला होता, खाली रुंद वर निमुळता, तारेनं बांधलेला, इंजिनिअर झाल्यासारखं वाटत होतं. त्याला बाहेरून कुर्डू बांधत गेलो आणि दीड फुटावर सगळं एका बाजूला कललं, कारण एका बाजूच्या जुड्या जाड आणि दुसरीकडं पातळ, आणि मधे पोकळ. अव्वा बाजेवर बसून बघत होती. "सळ्या कशाला," म्हणाली, "बिल्डिंग बांधायलीस का?"

मग ती खाली उतरली. परातीत आधी भोपळ्याची पानं पसरली, त्यावर कुर्डूच्या जुड्या गोलाकार लावल्या, तुरे बाहेर, देठं आत. एक वर्तुळ झालं की मधे देठं, पानं, जे काही तोडून टाकलेलं असेल ते सगळं बारीक चिरून दाबून भरायचं. दाबून म्हणजे मुठीनं. मग वरचं वर्तुळ अर्धा बोट आत. पुन्हा भरायचं. सांगाडा नाहीच, भरावच सगळं धरून ठेवतो, आणि वरचा थर खालच्या देठांवर बसतो म्हणून जुडी सुटत नाही. मी कचरा म्हणून जे बाजूला सारत होते तोच तिला पाहिजे होता.

जुडी बांधायला तिनं विडीचा दोरा काढला. पन्नास वर्षं विड्या वळल्यात तिनं, सूप मांडीवर, पान, तंबाखू, दोरा, हात बघायचा पण नाही. आता बोटं वाकडी झालीत, तरी पाच-सहा तुरे धरून दोऱ्याचे दोन वेढे आणि नखानं तोड, पाच सेकंद. मला एका जुडीला अर्धा मिनिट लागतो आणि ती पण सैल.

हिशोब केला. वीस इंची परात म्हणजे पहिल्या वर्तुळाला साधारण साठ जुड्या, वर कमी होत जातात, चौदा थर धरले तर साडेचारशेच्या आसपास. अव्वा म्हणाली मी दिवसाला हजार विड्या करायचे. वहीत साडेतीन फूट खोडलं. उंची आता लिहिली नाही, अव्वाला विचारलं तर म्हणाली दोघींनी उचलून दारातून बाहेर नेता आली पाहिजे, तेवढी.

२५ सप्टेंबर, बुधवार

रंग. कुर्डूचा तुरा तोडला तरी वाळत नाही पटकन, ताठ राहतो, आणि पांढरट असल्यानं रंग घेतो, म्हणून त्याचे शेंडे रंगात बुडवून निळे, हिरवे, जांभळे करायची पद्धत आहे. मी हट्टानं नैसर्गिक रंग करायचं ठरवलं होतं. हळद चांगली बसली. बीट उकळून बुडवलं तर ओलं असताना सुंदर राणी कलर आणि वाळल्यावर शिळ्या चहासारखं. पालकाचं काय झालं ते लिहीत नाही. मागाच्या सुताला लावायचा रंग धाकटा डाइंगवाल्या मित्राकडून आणतो म्हणाला, त्याला मी सरळ नको म्हणून सांगितलं, ते पाणी शेवटी तलावात जाणार.

तडजोड : खायचा निळा आणि हिरवा, फक्त दोन थरांना. प्रकल्पाचा नियम मोडला, नोंद करून ठेवते म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको.

२९ सप्टेंबर, रविवार

आज गाणी. अव्वाला किती येतात ते तिलाच माहीत नाही, एकीतून दुसरी निघते. ओळ संपली की 'उय्यालो' किंवा 'चंदमामा' असं पालुपद, म्हणणारी एक आणि मागून सगळ्या. मी वहीत देवनागरीत लिहून घेतेय. ळ आहे आपल्याकडं म्हणून निम्मं काम सोपं झालं, हिंदीवाल्यांचे हाल झाले असते, पण तेलुगूत ए आणि ओ दोन-दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, ते कसं दाखवायचं कळेना, शेवटी ऱ्हस्वाखाली टिंब द्यायला लागले. अव्वाची तेलुगू पण हैदराबादच्या टीव्हीवरची नाही, तिच्यात पेठ, गिरणी, खाडा सगळं सोलापूरचं शिरलंय. वारंगलकडची मामी एकदा हसली होती ह्याला, तेव्हापासून अव्वा तिच्यासमोर गात नाही.

एक गोष्ट पण सांगितली. धर्मांगद राजा आणि सत्यवती राणी, शंभर मुलं लढाईत गेली, मग तप केल्यावर लक्ष्मी त्यांच्या पोटी मुलगी म्हणून आली, ऋषींनी नाव ठेवलं बतुकम्मा. मी विचारलं मग ही लक्ष्मी की गौरी, वर तर गौरम्मा ठेवतो आपण. अव्वा म्हणाली, "आधी फुलं नीट धर."

रेकॉर्डिंगचा लोचा असा की शेजारी माग चालू असतो, मोबाईलवर गाण्यापेक्षा खटखट जास्त. दुपारी लाईट गेली, माग थांबला, म्हटलं आता मस्त शांत आहे, अव्वा गा. ती गायला लागली आणि दोन ओळीत ताल सुटला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुटला. मग लक्षात आलं, बाईसाहेब इतकी वर्षं मागाच्या ठोक्यावर गात आल्यात. लाईट आल्यावरच पुढचं रेकॉर्ड झालं, खटखटीसकट. राहू दे तसंच.

२ ऑक्टोबर, बुधवार

सर्वपित्री अमावास्या, पहिला दिवस, एंगिली पुव्वुला बतकम्मा. एंगिली म्हणजे उष्टं. आदल्या दिवशी तोडून पाण्यात ठेवलेली फुलं वापरतात म्हणून उष्टी, असं अम्मा सांगते. गांधी जयंतीची सुट्टी असल्यानं पोरं पण होती. छोटीच केली, ताटलीत, पाच थर. नैवेद्य तीळ आणि तांदळाचं पीठ. फेर धरला तेव्हा आम्ही सात जणी होतो, त्यातल्या तिघींना गाणं येत होतं, बाकीच्या 'उय्यालो'ला जोरात.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना, आणि आमचा दुसरा दिवस, अटुकुला, म्हणजे पोह्यांचा. सकाळी सहाला तरवड आणला, निम्मा काकूंच्या घटाला. त्यांनी पहिली माळ तरवडाची घातली आणि मला दाखवायला बोलावलं. पत्रावळीवरची काळी माती, त्यात पेरलेलं धान्य, मधे घट, वर टांगलेली ती पिवळी माळ. थोडा वेळ बघत बसले आणि ऑफिसला उशीर झाला.

रात्री बातम्यांत आलं, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. तेलुगू आणि कन्नडला तो २००८ लाच मिळालाय. म्हणजे आता सोलापूरच्या चौकात रिक्षावाल्याशी कुठल्याही भाषेत भांडा, भांडण अभिजातच. अव्वाला समजावून सांगायला गेले तर तिनं विचारलं की ह्यानं विडीची मजुरी वाढते का.

५ ऑक्टोबर, शनिवार

काल मुद्दपप्पू, म्हणजे घट्ट वरण, दूध, गूळ. आज नानबिय्यम, भिजवलेले तांदूळ दूध-गुळात. रोजची बतकम्मा छोटीच चाललीय, हात बसतोय, आज माझी एक जुडी अव्वानं सोडून पुन्हा बांधली नाही.

७ ऑक्टोबर, सोमवार

काल अट्ला, डोसे, रविवार असल्यानं अख्खी गल्ली जेवून गेली. आज सहावा दिवस, अलिगिन बतकम्मा. देवी रुसलेली असते, फुलं रचायची नाहीत, नैवेद्य नाही. मला हा दिवस सगळ्यात आवडतो खरं तर, नऊ दिवसांत एक दिवस बाईनं रुसायचा अधिकृत राखून ठेवलाय. मार्केटयार्डात झेंडूची चौकशी करायला धाकट्याला पाठवलं, दसरा जवळ आल्यानं भाव चढलाय, दोन किलोच घ्यायचं ठरवलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

काल वेपकायल होती, तांदळाच्या पिठाचे कडुलिंबाच्या लिंबोळीएवढे तळलेले गोळे, आज वेन्नमुद्दल, लोणी-तीळ-गूळ. पण आजची खरी नोंद ही नाही.

उद्याच्या मोठ्या बतकम्मासाठी पहाटे कुंभारीच्या माळावर गेलो तर माळावर चुन्याच्या पांढऱ्या रेषा मारलेल्या, चौकोन चौकोन, आणि आमची झुडपं बरोबर दोन चौकोनांच्या मधे. कडेला जेसीबी उभा. एक राखणदार मामा खाटेवर बसून दात घासत होते. मी घाबरत विचारलं फुलं घेऊ का, तर म्हणाले, "घ्या की. रस्ता हितनंच जायचाय." मग थोड्या वेळानं स्वतःच उठून आले आणि आमच्याबरोबर तोडायला लागले. देठाला धरून, कळ्या सांभाळून, आमच्यापेक्षा नीट. त्यांना पण माळेला पाहिजे होता, घरी गावाकडं घट बसवलाय, इथं पत्र्याच्या खोलीत फोटो आहे देवीचा, तुळजापूरचा.

आम्ही दोन मोठ्या टोपल्या भरल्या. नेहमी थोडी फुलं झुडपावर ठेवतो. आज ठेवली नाहीत.

१० ऑक्टोबर, गुरुवार

सद्दुला बतकम्मा, शेवटचा दिवस. हाफ डे टाकला.

दुपारी एकला बसलो. परात, भोपळ्याची पानं, पहिला थर कुर्डू साधा, दुसरा निळा, तिसरा झेंडू, मग तरवड. तरवडाचा थर सगळ्यात अवघड, देठ मऊ, जुडी दाबली की फुलं गळतात, म्हणून अव्वानं त्याच्या जुड्या कुर्डूच्या दोन ताठ तुऱ्यांना टेकवून बांधल्या, जसं आजारी माणसाला दोघं दोन बाजूंनी धरतात तसं. मधला भराव काकूंकडं होता, त्या विळीवर देठं चिरून मुठीनं दाबत होत्या. त्यांना तेलुगू येत नाही आणि अव्वाचं मराठी पेठेतलं, पण दोघींचं अखंड चालू होतं, विषय बहुतेक सुना.

अकराव्या थराला डावीकडं कलली. मी म्हटलं सोडून पुन्हा करू, पोटात गोळाच आला होता. अव्वानं परात फिरवली, डोळा बारीक करून बघितलं आणि उजवीकडून नाही, कलली होती त्याच बाजूनं, आठ-दहा ताठ तुरे खुंटीसारखे आत खुपसले. सरळ झाली. का झाली ते विचारायला वेळ नव्हता, साडेपाच वाजले होते.

तेरा थर, सत्तावीस इंच. परातीसकट वजन काट्यावर चौदा किलो. वर भोपळ्याचं फूल, त्यात हळदीची गौरम्मा, बाजूला सोबतीला छोटी बतकम्मा. मी आणि अम्मानं उचलली, दारातून बाहेर आली, चौकटीला फक्त एक झेंडू घासला.

गल्लीत फेराला मोजल्या तर एकतीस बायका. अव्वाला खुर्ची दिली होती, ती तिथून गात होती आणि शेजारच्या मागवाल्या अण्णांनी सणासाठी म्हणून आज माग बंद ठेवलेला. मला धसका, ताल सुटणार. पण एकतीस जणींची टाळी होती, सुटला नाही. काकूंनी मधेच भोंडल्याचं सुरू केलं, पोरींना ते पाठ, दोन फेर ते पण झाले.

विसर्जनाला टमटम सांगितली होती. परात मांडीवर घेऊन मी आणि अम्मा, समोर काकू छोटी घेऊन. तलावावर पाण्यात सोडताना ती परातीवरून सरकून अख्खी तरंगली, एक-दीड मिनिट, मग भराव भिजला आणि थर एकेक करून सुटत गेले, आधी झेंडू, शेवटी तरवड. दोऱ्यांचं काय होणार ही माझी एकच काळजी होती, सुती आहे, कुजेल. काठावर हळद एकमेकींना लावली, पाच भात वाटले, दही, चिंच, लिंबू, खोबरं आणि तीळ. चिंचेचा पहिल्यांदा संपला. उरलेले परातीतच घालून घरी आणले. रात्री एवढे दमलो होतो की परात तशीच ओट्यावर राहिली.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला, आज हिशोब. झेंडू दोन किलो १८० रुपये, पेट्रोल ३००, खायचा रंग ४०, विडीचा दोरा अव्वाकडचा, टमटम २५० येऊन-जाऊन. कुर्डू आणि तरवड शून्य रुपये. गेल्या वर्षीचा नुसता कोनच ह्यापेक्षा महाग होता. गाणी एकूण एकोणीस लिहून झाली, त्यातली चार अर्धी, अव्वा म्हणते उरलेली पुढच्या वर्षी आठवतील, ह्या वर्षी कोटा संपला.

काल संध्याकाळी अक्कलकोट रोडनं धाकटा गेला होता, त्यानं माळाचा फोटो पाठवला. मुरूम पडलाय. कुंभारीच्या पुढं बोरामणीकडं तरवड आहे असं त्याला कोणीतरी सांगितलंय, पुढच्या ऑगस्टमध्ये जाऊन बघायचं, नोंद करून ठेवली.

राहिली परात. त्या रात्री लिंबाचा आणि चिंचेचा भात तीत तसाच राहिला, पितळ कळकलं, तळाला हिरवा डाग पडला हाताच्या पंजाएवढा. भात टाकून दिला हे वेगळं सांगायला नको. चिंच-मीठ लावलं, राख लावली, पितांबरी लावली, बराचसा गेला आणि नक्षीच्या खाचेत थोडा राहिला. कोजागिरी १६ तारखेला आहे म्हणून आज संध्याकाळी धीर करून परात घेऊन गेले. काकूंनी उजेडात धरून बघितली, पालथी केली, पुन्हा सरळ केली, आत गेल्या. मला वाटलं चहा आणतायत. जुना टूथब्रश आणि अर्धं लिंबू घेऊन आल्या, परात माझ्या हातात परत दिली आणि म्हणाल्या, "नळाला पाणी आहे अजून अर्धा तास, बस."